नवजात मृत्यूंचा नकाशा नेमका कशाचा काढायचा? मुंबईवरचा एक पेपर वाचताना

सिनॉप्सिसमध्ये 'जीआयएस' हा शब्द आला की कमिटीतले निम्मे लोक खूश होतात. मग वाक्यही ठरलेलं असतं: 'अमुक शहरातील टाळता येण्याजोग्या नवजात मृत्यूंचे विभागनिहाय अवकाशीय वितरण अभ्यासले जाईल.' पुढचंही ठरलेलं. महापालिकेकडून वॉर्डनिहाय आकडे आणायचे, क्यूजीआयएसमध्ये शेपफाईल उघडायची, दर जास्त तिथे लाल आणि कमी तिथे पिवळा रंग भरायचा. मोरान्स आय काढायचा, पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की 'क्लस्टर सापडला' म्हणायचं. शेवटच्या प्रकरणात शिफारस: लाल भागात जनजागृती करावी.

मला बोलायचंय ते या शेवटच्या उडीबद्दल. लाल भागात बाळं जास्त दगावतात, म्हणून कारण त्या भागातल्या आयांच्या अज्ञानात आहे, हे नकाशा सांगत नाही. ते आपण सांगतो, आणि नकाशाच्या तोंडी घालतो. मुंबईच्या बाबतीत ही उडी चुकीच्या बाजूला पडते असं दाखवणारा पुरावा २०१२ पासून छापील आहे, फुकट वाचायला उपलब्ध आहे. तरीही नवे सिनॉप्सिस जुन्याच वाटेने जातात.

तो पेपर उज्ज्वला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. जर्नल 'बीएमसी प्रेग्नन्सी अँड चाइल्डबर्थ'. (इथली बीएमसी म्हणजे बायोमेड सेंट्रल, आपली महापालिका नव्हे.) काम 'स्नेहा' या संस्थेच्या प्रकल्पातलं. शीव रुग्णालयाच्या माजी अधिष्ठाता आणि नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९९९ मध्ये ही संस्था सुरू केली. २००५ ते २००७ या दोन वर्षांत मुंबईतल्या ४८ झोपडवस्त्यांत स्थानिक बायकांच्या मदतीने प्रत्येक जन्म आणि प्रत्येक नवजात मृत्यू शोधला गेला. जिथे बाळ गेलं त्या घरी प्रशिक्षित कार्यकर्त्या गेल्या आणि सविस्तर विचारपूस केली. ही 'व्हर्बल ऑटोप्सी'. म्हणजे शवविच्छेदन नाही, घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीवरून डॉक्टरांनी मृत्यूचं कारण ठरवणं. ज्या समाजात मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण भरवशाचं नसतं, किंवा दाखलाच नसतो, तिथे हाच रस्ता उरतो. आपल्याकडे डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामामुळे आणि २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालामुळे ही गोष्ट बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे: सरकारी आकड्यांत न दिसणारे बालमृत्यू घरोघर जाऊनच सापडतात.

आता आकडे. वहीत लिहून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. मृतजन्म १०५, नवजात मृत्यू म्हणजे जन्मानंतर २८ दिवसांच्या आतले ११६. त्यातले ८७, म्हणजे ७५ टक्के, पहिल्या आठवड्यातले. नवजात मृत्यूंची मुख्य कारणं: बाळंतपणाच्या वेळची गुंतागुंत २८ टक्के, अपुऱ्या दिवसांचं बाळ २३ टक्के, गंभीर जंतुसंसर्ग २२ टक्के. कुटुंबांच्या १८७ कथनांपैकी १२१ कथनांत, म्हणजे ६५ टक्क्यांत, कुठे ना कुठे विलंब सापडला. एकूण विलंब २०१. आणि सगळ्यात जास्त विलंब कुठे? घरी नाही. रस्त्यावरही नाही. दवाखान्याच्या दारात पोचल्यानंतर. त्यातही बहुतेक वेळा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे पाठवल्यामुळे.

हे वाक्य पुन्हा वाचा. बाई वेळेत पोचली होती. चिठ्ठी हातात देऊन तिला पुढे पाठवलं गेलं.

या निष्कर्षाचं वजन कळायला 'तीन विलंबां'ची चौकट माहीत हवी. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंबद्दल ती मांडली: पहिला विलंब मदत घ्यायची हे ठरवण्यात, दुसरा दवाखान्यापर्यंत पोचण्यात, तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यात. त्यांच्या लेखाचं शीर्षकच 'टू फार टू वॉक' होतं, चालत जाण्यापलीकडचं अंतर. एखाद्या दुर्गम पाड्यासाठी हे शीर्षक अचूक आहे. मुंबईत मात्र अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही हाती लागत नाही. गोवंडीच्या शिवाजीनगरपासून शीवपर्यंतचं अंतर नकाशावर बोटभर आहे. पण रात्री दोन वाजता, कळा सुरू असताना, तीन ठिकाणी विचारत फिरायचं असेल तर? शिवाय या शहराची एक गंमत बाहेरच्या संशोधकाला पटकन कळत नाही. रिक्षा फक्त उपनगरात चालते. शीव आणि माहीमच्या पुढे, शहराच्या हद्दीत, रिक्षाला मनाई. परळला पाठवलेल्या बाईला रिक्षा सोडून टॅक्सी शोधावी लागते. जीआयएसमध्ये 'नेटवर्क डिस्टन्स' काढताना ही ओळ कोण टाकतं?

म्हणजे टाळता येण्याजोग्या मृत्यूची 'जागा' कुठली, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. समजा मालवणीतली एक बाई जवळच्या प्रसूतिगृहात गेली, तिथून उपनगरीय रुग्णालयात पाठवली गेली, तिथून मोठ्या रुग्णालयात, आणि बाळ तिथे दुसऱ्या दिवशी गेलं. हा मृत्यू कुठल्या वॉर्डावर लाल ठिपका म्हणून द्यायचा? आपल्याकडे १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यानुसार घटना जिथे घडली तिथे तिची नोंद होते. राहण्याचा पत्ता फॉर्मवर विचारलेला असतो. पण तुमच्या हातात पडलेला तक्ता नोंदणीच्या ठिकाणावरून केलेला असेल, तर ज्या वॉर्डात मोठं रुग्णालय तोच वॉर्ड लाल होणार. केईएम आणि वाडिया परळला आहेत, म्हणून एफ दक्षिण. शीव रुग्णालय, म्हणून एफ उत्तर. ठाणे-पालघरहून आलेली बाळंही त्यातच. असा नकाशा गंभीर रुग्ण कुठे जमतात ते सांगतो, मृत्यूचा धोका कुठे जास्त आहे ते नाही.

बरं, राहत्या पत्त्यावरून नकाशा केला तर? जास्त चांगला, पण त्यालाही आपल्याकडची एक अडचण आहे: माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी. मानखुर्दची सून साताऱ्याला जाते आणि साताऱ्याची लेक मानखुर्दला येते. अंश आणि छेद एकाच लोकसंख्येचे आहेत की नाही, हे दर काढण्याआधी तपासलं नाही तर पुढचं सगळं गणित सुंदर आणि निरर्थक.

तुलनेसाठी साओ पावलो बघा. ब्राझीलमध्ये जन्मांची एक राष्ट्रीय माहितीप्रणाली आहे आणि मृत्यूंची दुसरी. अर्भकाच्या मृत्यूच्या फॉर्मवर त्याच्या जन्मपत्राचा क्रमांक लिहायला रकाना आहे. त्यामुळे आईचा पत्ता, बाळाचं वजन, गरोदरपणातल्या तपासण्या आणि मृत्यूचं कारण एकाच धाग्यात ओवता येतं, आणि शहराच्या ९६ जिल्ह्यांवर राहत्या पत्त्याप्रमाणे मांडता येतं. शिवाय 'टाळता येण्याजोगं' म्हणजे काय, याची त्यांची स्वतःची यादी आहे, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेली. प्रत्येक कारणाचा आंतरराष्ट्रीय कोड बघायचा आणि तो कशाने टळला असता ते ठरवायचं: लसीने, गरोदरपणातल्या चांगल्या देखभालीने, बाळंतपणाच्या वेळच्या देखभालीने, नवजात बाळाच्या देखभालीने, वगैरे.

ही यादी मला एकाच वेळी हेवा वाटण्याजोगी आणि संशयास्पद वाटते. हेवा यासाठी की व्याख्या आधीच बांधलेली आहे, संशोधकाला सोयीने वाकवता येत नाही. संशय यासाठी की ती मृत्यूचं कारण बघते, परिस्थिती बघत नाही. कळांच्या वेळी गुदमरलेलं बाळ 'बाळंतपणाच्या वेळची देखभाल' या रकान्यात जातं. ठीक. पण ती देखभाल कुठल्या संस्थेत चुकली? पहिल्या, दुसऱ्या की तिसऱ्या? कोड गप्प. बापट यांचा पेपर उलट बाजूने येतो. तो टाळता येण्याजोगेपणाची यादी देत नाही, विलंब शोधतो. एक व्याख्या कारणावर उभी, दुसरी हकिकतीवर. दोन्हींचे नकाशे काढले तर ते सारखे येतीलच असं नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'टाळता येण्याजोगे' हा शब्द असेल तर यातली कुठली व्याख्या, हे पहिल्याच पानावर लिहा. पुढे व्हायव्हात हाच प्रश्न येतो.

पेपरची स्तुती झाली, आता भांडण.

सगळ्यात मोठी उणीव तुलनेची. ६५ टक्के कथनांत विलंब सापडला. पण ज्यांची बाळं जगली त्यांच्या किती बाळंतपणांत असाच विलंब झाला होता? व्हर्बल ऑटोप्सी मृत्यूचीच होते, त्यामुळे विलंबाचा हिशेब फक्त मेलेल्या बाळांच्या कथनांतून आलेला आहे. मुंबईत पाठवापाठवी इतकी सर्रास असेल की जगलेल्यांतही ६० टक्के बायका दोन संस्था फिरल्या असतील, तर विलंब आणि मृत्यू यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं घट्ट नाही. तिथे १० टक्केच असतील तर ते भयंकर घट्ट आहे. पेपरवरून हे ठरवता येत नाही. सामाजिक-आर्थिक स्तर, आधीचा मृतजन्म आणि गरोदरपणातल्या तपासण्यांची संख्या यांचा बाळ गमावण्याशी संबंध पेपरात दिसतो. विलंबाबाबत तशी तुलना हाती येत नाही.

दुसरं, कथन कोणाचं? दुःखात असलेल्या घरच्यांचं. हॉस्पिटलच्या दारात काय झालं ते त्यांना लख्ख आठवतं: कोण काय बोललं, किती वेळ बाकावर बसवलं. घरी किती तास थांबलो, हे आठवणं जड जातं, सांगणं त्याहून जड. त्यामुळे तिसरा विलंब जास्त आणि पहिला कमी नोंदला जाण्याची शक्यता राहते. यावरून निष्कर्ष खोटा ठरत नाही. घरच्यांनी आपली बाजूही सांगितलेली आहेच: मदत घ्यायला उशीर झाला तिथे बहुतेकदा लक्षणं किंवा त्यांचं गांभीर्य ओळखता आलं नाही, असं पेपर नोंदवतो. पण झुकाव कुठल्या दिशेला असू शकतो हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. नुसतं 'रिकॉल बायस असू शकतो' लिहून चालत नाही. कुठल्या बाजूला?

तिसरं भांडण चौकटीशी. एका संस्थेतून दुसरीत पाठवणं हा 'तिसरा विलंब' धरला जातो, कारण बाई एकदा दवाखान्यात पोचलेली असते. पण पाठवलं त्या क्षणी ती पुन्हा रस्त्यावर आहे. म्हणजे पुन्हा दुसरा विलंब, पुन्हा तिसरा. तीन पेट्यांची ही मांडणी एक पाडा, एक रस्ता, एक दवाखाना अशा जगासाठी बनली. महानगरात ती गोल गोल फिरते. २०१ विलंब मोजले गेले, पण या आकड्यात वाट दिसत नाही. कोण कोणाकडे पाठवतं, कुठल्या वेळी, चिठ्ठीवर काय कारण लिहून? खाट नाही, भूलतज्ज्ञ नाही, पेटी नाही, की नाव घातलेलं नाही? माझ्या मते या शहरातला खरा भौगोलिक नमुना हाच आहे, आणि तो वॉर्डाच्या रंगात मावत नाही. त्याला रेषा लागतात.

चौथी गोष्ट टीका नाही, इशारा आहे. हा अभ्यास ४८ झोपडवस्त्यांचा आहे. त्यावरून 'झोपडपट्टीत जास्त, इमारतीत कमी' असं म्हणता येत नाही, इमारती त्यात नाहीतच. उलट वस्त्यांच्या आतच आर्थिक स्तरानुसार फरक दिसतो. म्हणजे 'झोपडपट्टी' असा एकच लाल डाग द्यायला लेखकांचा स्वतःचाच आकडा विरोध करतो.

आणि मृतजन्म. १०५ पैकी ६५ 'ताजे' होते, म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा बाळ बहुधा जिवंत होतं. पहिल्या आठवड्यातले नवजात मृत्यू ८७. दोन आकडे शेजारी ठेवा. ज्या अडचणीने एक बाळ बाळंतपणाआधी दहा मिनिटं गेलं, त्याच अडचणीने दुसरं बाळंतपणानंतर दहा मिनिटांनी जातं. एक मृतजन्म, दुसरा नवजात मृत्यू. तुम्ही फक्त 'नवजात मृत्यूंचा' नकाशा काढलात तर ही ६५ बाळं नकाशाबाहेर. शिवाय क्षणभर श्वास घेतलेल्या बाळाची नोंद काय करायची, हे लेबर रूममध्ये ठरतं. एखाद्या संस्थेची सवय वेगळी असली की तिथला दर आपोआप बदलतो. याच कारणाने मी तरी दोन्ही एकत्र धरल्याशिवाय शहरी नकाशावर विश्वास ठेवत नाही.

लहान आकड्यांबद्दल थोडक्यात, कारण हे स्टॅटिस्टिक्सच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. समजा एका विभागात वर्षाला २००० जन्म आणि खरा दर हजारी १५. मृत्यू अपेक्षित ३०, पण निव्वळ योगायोगाने ते १९ ते ४१ च्या दरम्यान कुठेही येऊ शकतात. म्हणजे दर साडेनऊ ते साडेवीस. आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईच्या बी विभागाची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास, तर पी उत्तरची नऊ लाखांच्या वर. या दोघांना एकाच रंगपट्टीत बसवून 'लाल' आणि 'पिवळा' म्हणणं म्हणजे दहा मार्कांची चाचणी आणि शंभर मार्कांचा पेपर यांची टक्केवारी एकत्र लावणं. वस्तीच्या पातळीवर तर विचारूच नका. वर्षाला १३० बाळंतपणं असलेल्या वस्तीत अपेक्षित मृत्यू दोन. एका वर्षी शून्य, दुसऱ्या वर्षी चार, आणि कोणीतरी त्यावर पोस्टर करतं.

आता या सगळ्याला धार येते ती दुसऱ्या पेपरमुळे. याच प्रकल्पात, सहा विभागांतल्या ४८ वस्ती-समूहांत, एक मोठी चाचणी झाली. नीना शहा मोरे आणि सहकारी, 'प्लॉस मेडिसिन', २०१२. निम्म्या समूहांत बायकांचे गट बांधले, चर्चा घडवल्या, अनुभवातून शिकून कृती ठरवायची अशी पद्धत. तीन वर्षं, १८,१९७ जन्म. या पद्धतीमागे भक्कम इतिहास होता: नेपाळच्या मकवानपूरमध्ये (२००४) नवजात मृत्यू ३० टक्क्यांनी, झारखंड-ओडिशात (२०१०) ३२ टक्क्यांनी कमी झाले होते. मुंबईत? तपासण्या, संस्थेतलं बाळंतपण, स्तनपान, उपचार घेणं, कशातच फरक नाही. आणि नवजात मृत्यूंचा ऑड्स रेशो १.४८, विश्वासांतर १.०६ ते २.०८. म्हणजे गट असलेल्या वस्त्यांत मृत्यू जास्त! लेखकांनी ते लपवलं नाही. हा फरक गटांच्या कामामुळे पडला असं सुचवणारा पुरावा आपल्याकडे नाही, असंही सांगितलं. मृतजन्म तिथे थोडे कमी होते (०.८६, विश्वासांतर ०.६० ते १.२२, म्हणजे ठामपणे काही सांगता येत नाही) आणि दोन्ही एकत्र धरले तर फरक उरत नाही (१.१९, ०.९० ते १.५७). वरच्या परिच्छेदात मृतजन्म एकत्र धरा म्हटलं, त्याचा फायदा इथे दिसतो.

माझं वाचन असं. झारखंडच्या गावात बाई घरी बाळंत होत होती, तिथे गटातल्या चर्चेने काही बदलण्याजोगं घरातच होतं. मुंबईच्या वस्त्यांत बहुतेक बाळंतपणं आधीपासून संस्थांतच होत होती. गट कितीही चांगला चालला तरी तो रात्री दोनला खाट रिकामी करू शकत नाही. हे चाचणीने सिद्ध केलेलं नाही, दोन पेपर शेजारी ठेवून मी लावलेली संगती आहे. दुसरी संगतीही लागू शकते: वस्त्यांतली सततची स्थलांतरं, कामाला जाणाऱ्या बायकांना गटासाठी नसलेला वेळ. त्या प्रकल्पात महापालिकेच्या आरोग्यसेवा सुधारण्याचं कामही चालू होतं, तेव्हा लेखकांनी संस्थांकडे दुर्लक्ष केलं असा आरोप कोणी करू नये. पण 'लाल भागात जनजागृती' ही शिफारस उचलून लिहिणाऱ्याने हा निकाल वाचलेला असायलाच हवा. पैसा आणि माणसं मर्यादित असतात. ती वस्तीतल्या सत्रांवर गेली तर संस्थांमधल्या फोनवर, रुग्णवाहिकेवर आणि रात्रपाळीच्या भूलतज्ज्ञावर जात नाहीत.

एक मात्र लक्षात ठेवा, ही माहिती २००५ ते २००७ ची आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ चा, त्यात एका संस्थेतून दुसरीत नेण्याचं वाहनही मोफत. १०८ रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ ला आली. तेव्हा '६५ टक्के विलंब' हा आकडा आजची परिस्थिती म्हणून कोट करू नका. तो आज किती आहे, हाच खरं तर मोकळा पडलेला विषय आहे.

कोणाला घ्यायचा असेल तर सुरुवात अशी करता येईल. वॉर्डाचा नकाशा बाजूला ठेवा. दोन-तीन विभागांतली दगावलेली बाळं (ताज्या मृतजन्मांसह) आणि त्याच वस्त्यांतली, त्याच महिन्यांतली जगलेली बाळं घ्या. दोन्हीकडे एकच फॉर्म: कळा किती वाजता सुरू झाल्या, पहिल्यांदा कुठे गेलात, तिथून किती वाजता निघालात, चिठ्ठीवर कारण काय, कशातून गेलात, पुढच्या ठिकाणी फोन केला होता का, नाव कुठे घातलं होतं. प्रत्येक हस्तांतराची एक ओळ, एका बाळाच्या कितीही ओळी. परवानग्यांना वेळ लागेल, कारण पाठवणारी संस्था आणि घेणारी संस्था यांचे एथिक्सचे रस्ते वेगळे असतात, आणि पाठवणाऱ्याच्या रजिस्टरातली बाई घेणाऱ्याच्या रजिस्टरात नव्या नंबराने येते. दोन नंबर जोडायचे कसे, ते आधी दहा केसेसवर करून बघा. ते जमलं तरच सिनॉप्सिस लिहायला बसा.